वरून गळते, खाली दिसते

जुनी मोटार बाळगणारा माणूस गर्दीतही ओळखू येतो. गाडीतून उतरल्यावर बाकीचे लोक दार नीट लागलं का ते बघतात. हा कमरेत वाकून गाडीखाली बघतो. लग्नाच्या मांडवासमोर, कलेक्टर कचेरीच्या आवारात, देवळाच्या दारात, कुठेही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं, सापडलेलं असतं: रुपयाएवढा, काळा, चकचकीत थेंब.

माणसाने सकाळी उठल्याबरोबर आपले तळहात पाहावेत, असं शास्त्र आहे. मी फरशी पाहतो. तळहाताच्या टोकाशी लक्ष्मी राहते म्हणतात. आमच्या फरशीवर ती घर सोडून जाताना दिसते.

गाडी अँबेसेडर आहे. १९८६ सालची, मार्क फोर, पेट्रोलची, पांढरी. बाबांचा बल्लारशाला सागवानाचा धंदा होता, त्या काळात ती घरात आली. १९५८पासून २०१४पर्यंत पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला या गाड्या बनत होत्या, आणि मंत्री, कलेक्टर, डॉक्टर व लाकडाचे व्यापारी यांच्याशिवाय त्या कुणाला देतच नाहीत, असा आमचा लहानपणी समज होता. २०१७ साली प्यूजो या फ्रेंच कंपनीने ‘अँबेसेडर’ हे नुसतं नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं. मी ही बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली.

बायको म्हणाली, “नाव त्यांनी नेलं ना? मग आपल्याकडे काय उरलं?”

ते विचारायला मी भंगारवाल्याकडे गेलो. त्याने वजनावर भाव सांगितला, आणि आतल्या ऑइलचं वजन कापून घेईन, अशी अट घातली. त्याला म्हटलं, वजन करायला आणेपर्यंत ते आपोआप कापलं जाईल.

आमच्या कॉलनीत प्रत्येकाला दोन गोष्टी कळतात: वाघ आणि इंजिन. ताडोबा जवळ असल्यामुळे ज्याने वाघ पाहिला नाही तोही वाघाच्या सवयी सांगतो, आणि ज्याच्याकडे सायकल आहे तो इंजिनाच्या. त्यामुळे दारात थेंब दिसू लागल्यावर समिती बसायला वेळ लागला नाही.

पहिले आले ते वीज केंद्रातून निवृत्त झालेले काका. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं. काकांच्या बोलण्यात त्यातले निम्मे तरी असतात.

“सील गेलं,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“ते उघडल्यावर कळेल. ओव्हरहॉल काढा.”

“किती दिवस लागतील?”

“आमच्याकडे महिना-दीड महिना. तुमच्याकडे मनुष्यबळ किती आहे?”

मनुष्यबळ लुंगी नेसून त्यांच्यासमोर उभं होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुदत वाढवून दिली.

दुसरे कोळसा खाणीतले. त्यांना माझ्या काळजीचंच हसू आलं. “याले काय गळणं म्हणता जी? आमच्या डंपरखाली आम्ही बादली ठेवतो.” संध्याकाळी ते खरंच एक बादली घेऊन आले. गाडीखाली ती मावेना, म्हणून गाडी उंच करून घ्या, असं सुचवून गेले.

तिसरे डॉक्टर. त्यांनी खुर्ची मागवली, चष्मा लावला आणि विचारलं, “रंग कसा आहे? पातळ की चिकट? रात्री जास्त होतं की दिवसा?”

“काळा. चिकट. रात्री.”

“नुसतं पाणी असतं तर रेडिएटर. गंधकाचा उग्र वास असता तर गिअरबॉक्स. रंगावर पडून रंग उचलला असता तर ब्रेकचं. हे इंजिनाचंच ऑइल आहे.” निदान अगदी अचूक होतं. मग सवयीने त्यांनी माझा हात ओढून नाडी पाहिली आणि मीठ कमी करायला सांगितलं.

गळती शोधण्याचा पहिला नियम असा की आधी इंजिन धुवायचं. मळलेल्या इंजिनावर ताजं ऑइल कुठलं आणि कालचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. चंद्रपुरात तर मुळीच नाही. इथे काळं काही दिसलं तर ते ऑइल असेल, कोळशाची भुकटी असेल, किंवा दोघांचं लग्न लागून झालेलं तिसरंच काही असेल. वॉशिंगवाल्या पोराने डिझेलचा ब्रश मारत एकेक थर उकरायला सुरुवात केली. वर तांबूस थर निघाला: सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे खाल्लेली धूळ. त्याखाली काळा: चंद्रपूर, दुसरं कोण? त्याखाली मूलच्या राइस मिलींमधलं भाताचं तूस. आणि अगदी तळाशी लालभडक मुरूम, आलापल्ली-सिरोंचा रस्त्याचा, बाबांच्या काळचा. गाडी घेऊन कुठे कुठे जातो, याचा हिशेब बाबांनी आईला कधी दिला नाही. तो सगळा इंजिनावर लिहून ठेवलेला निघाला.

शेवटी पोराने प्रेशरचा पाइप लावला. इंजिन इतकं स्वच्छ झालं की चालूच होईना.

“डेल्कोत पानी गेलं जी,” तो म्हणाला. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. प्लगांना ठिणगी वाटून देणारा. “बनियान आहे काय सुकं?”

बनियान होतं, पण अंगात होतं. भर रस्त्यात शर्ट काढून ते दिलं, त्याने डेल्कोचं झाकण पुसलं, गाडी सुरू झाली आणि बनियान कायमचं मार्क फोर झालं.

मग मिस्त्रींचा प्रवास सुरू झाला. मिस्त्री लोकांच्या धर्मात गळतीवर पहिला उपाय एकच: आवळणे. आमच्या इंजिनाच्या डोक्यावर टॅपेट कव्हर म्हणून पत्र्याचं झाकण आहे. त्याखाली कॉर्कची पॅकिंग असते आणि वरून दोनच नट. मिस्त्रीने बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं, पाना घेतला आणि नट आवळले. गळती थोडी वाढली. त्याने आणखी आवळले. गळती आणखी वाढली. “म्हणजे आवळणं कमी पडलं,” असा निष्कर्ष काढून त्याने पान्याच्या दांड्याला पाइप जोडला.

कॉर्कची गंमत अशी की हातापुरतं आवळलं तर ती जागा धरून बसते. जास्त आवळाल तर ती चेंगरून बाहेर पळते, पत्रा मधून वाकतो, आणि ऑइलला जिथे फट हवी होती तिथे दरवाजा मिळतो. हे तत्त्व कचेऱ्या, शाळा आणि वयात आलेली मुलं यांनाही लागू आहे. पण हा लेख इंजिनाबद्दल आहे.

पुढच्या मिस्त्रीने कव्हर ठोकून सरळ केलं आणि नव्या पॅकिंगला शेलॅक लावलं. शेलॅक म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बसणाऱ्या एवढ्याशा किड्याची कमाई. आमच्याकडे पळसाला काय तोटा? जंगलातल्या माणसाने काडीला चिकटलेली लाख खरवडून बाजारात विकावी, तिने कुठल्या तरी लांबच्या शहरात जाऊन आंघोळ करावी, बाटलीत शिरावं, लेबल लावून घ्यावं आणि आमच्याच जिल्ह्यात दुप्पट तोऱ्यात परत यावं, अशी ही व्यवस्था. नोकरीसाठी पुण्याला गेलेली आमची मुलंही परत येतात तेव्हा अशीच बोलतात. शिवाय कौरवांनी पांडवांसाठी लाखेचं घर बांधलं होतं ते पेटावं म्हणून, हे लहानपणी ऐकलेलं. तीच लाख तापल्या इंजिनाच्या डोक्यावर थापून “आता बिनधास्त फिरा” म्हणणाऱ्या माणसाकडे मी जरा जपूनच पाहिलं.

टॅपेट कव्हर कोरडं झालं. थेंब तसाच राहिला. आता तो चेंबरवरून पडत होता. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं भांडं, ज्यात सुमारे चार लिटर ऑइल राहतं, निदान राहणं अपेक्षित असतं. चेंबरची पॅकिंग बदलली. ड्रेन नटाखालचा तांब्याचा वायसर बदलला. एका उत्साही गृहस्थाने ट्यूबमधलं काळं सिलिकॉन थापायला घेतलं, आणि ते आत सुटून पंपाची जाळी चोंदवतं असं दुसऱ्याने सांगितल्यावर पहिल्याने थापलेलं खरवडायचे वेगळे पैसे लावले. थेंब आपल्या जागी, आपल्या वेळी, पडतच होता.

मग कुणीतरी पावडरचा उपाय सांगितला. कोरड्या इंजिनावर पावडर शिंपडायची आणि गाडी फिरवून आणायची; जिथून ऑइल निघत असेल तिथून ओली रेघ उमटते. उपाय खरा आहे. पण अंगाला लावायच्या पावडरचा डबा बायकोने कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

“अहो, त्या डब्याची किंमत माहिती आहे का? तांदळाचं पीठ घ्या हवं तर. घरचं आहे.”

घरचं, म्हणजे तिच्या माहेरचं. गडचिरोलीकडच्या धानाला नाव ठेवायची माझी हिंमत नाही. पीठ शिंपडलं आणि निघालो. पडोलीच्या चौकापर्यंत पोचतो तोवर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तापला आणि बॉनेटमधून खरपूस भाजल्या भाकरीचा वास येऊ लागला. सिग्नलला शेजारी थांबलेल्या मोटारसायकलवाल्याने विचारलं, “डबा गरम करून राहिले काय भाऊ?” परत येताना दोन कुत्री गाडीमागे लागली, गाडीच्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात तिचा पाठलाग इतक्या प्रेमाने कुणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. त्यांनी रांगेने चढून इंजिनाची पाहणी केली, आणि कुठल्याही मिस्त्रीपेक्षा ती जास्त बारकाईने केली.

पिठावर रेघ उमटली होती. एक नव्हे, जिकडेतिकडे. टॅपेट कव्हरखालून पुन्हा एक, बाजूच्या कव्हरांमधून एकेक, समोर टायमिंगच्या झाकणातून एक. इरई वर्धेला मिळावी, वर्धेने वैनगंगेला मिळून प्राणहिता व्हावं, तशा या सगळ्या धारा इंजिनाच्या अंगावरून उतरत, वाऱ्याने मागे सरकत, एकमेकींत मिसळत शेवटी चेंबरच्या कडेवरून खाली येत होत्या. सिरोंच्याच्या काठावर उभं राहून पाणी नेमकं कुठल्या डोंगराचं ते कसं सांगणार? आम्ही आजवर सिरोंच्यालाच बांध घालत होतो.

एवढं पाहिल्यावर शहरातल्या एका नामवंत उस्तादांकडे जायचं ठरलं. हे उस्ताद गाडीला हात लावत नाहीत, फक्त ऐकतात. त्यांनी डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि सांगितलं, “मागचं सील गेलं. क्रँकचं. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.”

मोटारीच्या जगात ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य ऐकल्यावर माणूस भिंतीचा आधार शोधतो. मी शोधला, त्यालाही ऑइल लागलेलं होतं. गिअरबॉक्स उतरला. दोन पोरं गाडीखाली आडवी झाली, आणि काही दिवसांनी उस्तादांचा फोन आला.

“साहेब, सील नाही.”

“बाजारात मिळत नाही?”

“गाडीत नाही.”

“चोरीला गेलं?”

“नव्हतंच. कंपनीनेच दिलेलं नाही.”

हे मात्र खरं होतं. हे १,४८९ सीसीचं इंजिन मूळ इंग्लंडचं, मॉरिस ऑक्सफर्ड घराण्यातलं. क्रँकच्या मागच्या टोकाला त्यात रबरी सील नसतंच. त्याऐवजी दांड्यावर उलट्या आट्या पाडलेल्या असतात. दांडा फिरला की त्या बाहेर येऊ पाहणारं ऑइल परत आत ढकलतात. तल्लख कल्पना आहे.

“आणि इंजिन थांबल्यावर?” मी विचारलं.

“थांबल्यावर आट्याही थांबतात.”

“मग ऑइल?”

“ते कशाला थांबेल?”

उस्तादांनी मला गाडीखाली वाकवून आणखी एक गोष्ट दाखवली. क्लच ज्यात बसतो त्या घंटीच्या तळाशी एक भोक होतं आणि त्यात एक सैल कॉटर पिन लोंबत होती. गाडी हादरली की पिन हलते आणि भोकात साचलेली घाण पडून ते मोकळं राहतं. मागून गळलेलं ऑइल क्लचवर गेलं तर क्लच सरकायचा, म्हणून त्याला बाहेर पडायला हा राजमार्ग. म्हणजे ज्याने इंजिन बनवलं त्याला ते गळणार हे ठाऊक होतं. गळती थांबवत बसण्यापेक्षा तिला रीतसर वाट द्यावी, आणि ती वाट बुजू नये म्हणून एक हलता कर्मचारी नेमावा, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. इंग्रज आपल्याला रेल्वे, टपाल आणि न्यायालयं देऊन गेले, असं पुस्तकात असतं. ही पिन पुस्तकात नाही. पण देशात सगळ्यात मन लावून आपण तीच जपली आहे.

बिलात ‘सील शोधण्याची मजुरी’ अशी एक ओळ होती. नसलेलं सील शोधायला असलेल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला मान्य करावं लागलं.

अशात मे महिना आला आणि चामोर्शीला बायकोच्या भाच्याचं लग्न आलं. मे महिन्यात चंद्रपूर ४६-४७ अंशांना टेकतं. त्या उन्हात माणसं पातळ होतात, ऑइलचं काय? मूलच्या रस्त्यावर जंगल सुरू झालं आणि बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. मी गाडी बाजूला घेतली. नेमक्या त्याच जागी पाटी होती: वन्यप्राण्यांचा मार्ग, वाहन थांबवू नये. ऑइल मोजायचं गेज काढून पाहिलं आणि मग सवयीप्रमाणे पाठीवर झोपून गाडीखाली सरकलो. बायकोने चारही काचा वर घेतल्या.

“अहो, लवकर बघा. आणि पाय आत घ्या.”

“पाय आत घेतले तर बघू कसा?”

“मग निदान चपला तरी बाहेर नका ठेवू. नव्या आहेत.”

तेवढ्यात मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. वनरक्षक होते.

“इथं काहून थांबले जी? पाटी नाही दिसली काय? वाघीण आहे न इथं, पिल्लांसंगं.”

“ऑइल गळतंय, ते पाहतोय.”

त्यांनी खाली वाकून डांबरावरचा थेंब बोटाला लावला, दोन बोटांत चोळला, हुंगला. “ताजा आहे,” ते म्हणाले. मग आम्ही आलो त्या दिशेने नजर टाकली. “म्हणजे हे तुमचे व्हय? सकाळच्या गस्तीले जुनेही दिसले होते. मागच्या पंधरवड्यात गेले असान तुम्ही. जाताना वजन जास्त होतं, येताना कमी.” खरं होतं, जाताना सासूबाई गाडीत होत्या. ज्या माणसाला मातीवरच्या पंजावरून वाघाचं वय कळतं, त्याला माझ्या थेंबांवरून माझा संसार कळला होता. चंद्रपूर ते गडचिरोलीच्या जंगलात दोन प्राणी आपापल्या हद्दीवर खुणा सोडत फिरतात आणि त्यातला एक मी आहे, हे ऐकून बायकोने काच आणखी घट्ट केली.

रांगत रांगत मूल गाठलं. तिथे एका झाडाखाली एक म्हातारे मिस्त्री बसले होते. त्यांच्यापाशी ना लिफ्ट, ना कॉम्प्युटर, ना फारसं बोलणं. मी चेंबर, पॅकिंग, नसलेलं सील अशी सगळी कुळकथा सांगितली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“वरून गरते बाप्पा, खाली दिसते.”

इंजिन सुरू ठेवून त्यांनी ऑइल भरायचं वरचं झाकण काढलं. आतून धुराचा भपका फुसफुसत बाहेर आला. झाकण नुसतं वर ठेवलं, तर ते टणाटण उड्या मारू लागलं.

“श्वासच नाही घेऊन रायली हे. सायकलीचा स्पोक आना जरा.”

मॅनिफोल्डखाली, बाजूच्या कव्हरातून जमिनीकडे उतरणारा एक पाइप असतो. इंजिनाची श्वासनळी. जुन्या इंजिनाच्या रिंगा थोड्या झिजलेल्या असतात. सिलिंडरमधला वायू त्यांच्या बाजूने निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर पडायला हाच रस्ता. मिस्त्रींनी पाइपमध्ये स्पोक खुपसला, फिरवला, आणि खाली पसरलेल्या कागदावर खडखडीत मातीची ढेकळं पडली. त्यांच्यामागून वाळलेले कोळी, एकावर एक रचलेले.

“कुंभारीन,” ते म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी होती. तेवढ्यात एका कुंभारीण माशीने जागा पाहिली, ओल्या मातीच्या गोळ्या आणून आत घर बांधलं, पिल्लांसाठी कोळ्यांचा शिधा भरला आणि दार लिंपून निघून गेली. तिकडे बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर वायूने चेंबरमध्ये दाब धरला आणि जिथे जिथे थोडी फट दिसेल तिथून ऑइल बाहेर ढकलायला सुरुवात केली. कॉर्कमधून, टायमिंगच्या झाकणातून, त्या उलट्या आट्यांवरूनसुद्धा. बिचाऱ्या आट्या तरी किती परत ढकलणार?

गंमत पुढे आहे. तो पाइप प्रत्येक मिस्त्रीने पाहिला होता. पण सगळ्या ओल्या इंजिनात तेवढा एक कोरडा ठणठणीत होता, म्हणून सगळ्यांनी त्याला निर्दोष सोडलं. आपल्याकडे चौकशी नेहमी ओल्याचीच होते. जो गळतो त्याला आवळतात, बदलतात, त्याचा खर्च मंजूर करून घेतात, ज्याने सगळ्यांची वाट अडवून धरलेली असते तो वरच्या जागेवर कोरडा, टापटीप बसलेला असतो आणि पाहणीला आलेले साहेब त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “बघा, याच्याकडून शिका.”

मिस्त्रींनी पाइप साफ केला, झाकण ठेवून पाहिलं. आता ते शांत बसलं. माझा हात त्यांच्या पायाकडे जाणार, एवढ्यात त्यांनी पाना उचलला.

“आता आलेच हाव तर एकडाव आवळून देऊ काय?”

मी बॉनेट लावून त्यावर बसलो.

चामोर्शीचं लग्न झालं. परतीच्या वाटेवर गडचिरोलीत सासुरवाडीला मुक्काम केला. सासऱ्यांचं अंगण शेणाने सारवलेलं, त्यावर रांगोळी. तिथे गाडी लावायचा प्रसंग आला की आजवर माझी मान खाली जायची, आणि खाली गेलीच आहे तर मी गाडीखालीही पाहून घ्यायचो. या वेळी सकाळी फक्त एक थेंब होता, मागच्या बाजूला, पिनच्या बरोबर खाली. तो इंग्लंडहून आलेला आहे, त्याला इलाज नाही, असं मी सासऱ्यांना समजावलं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

“जावईबापू, १९८२ मध्ये चंद्रपुरातून आमचा जिल्हा वेगळा झाला. तेव्हापासून पाहून राहिलो. मुंबईहून निधी भरून निघते, नागपूर करते, चंद्रपूर करते, वैनगंगेचा पूल चढून इकडे येते, तोवर गेजले लागत नाही. तुमचा तर एकच थेंब आहे. कुठं मनाला लावून घेता?”

पुढे गाडी पासिंगला नेली. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्याचे ६०० रुपये लागायचे, ते २०२२च्या एप्रिलपासून ५,००० झाले होते. साहेबांनी गाडीभोवती फेरी मारली, मग वाकले. जुन्या गाडीसमोर वाकणारा दुसरा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“गळते काय?”

“फक्त उभी राहिल्यावर, साहेब.”

“मग इथे उभी करू नका. पुढे घ्या.”

तेव्हा जुन्या गाडीच्या समस्त भावंडांना एवढंच सांगणं. इंजिन आधी धुवा, पण डेल्को झाकून. शोध वरून सुरू करा, खालून नको. पॅकिंग बदलण्याआधी श्वासनळीत स्पोक घालून बघा. आत कुणी राहायला आलंय का ते कळेल. कॉर्क हातापुरती आवळा. पिठाचा प्रयोग करायचा तर कुत्री नसलेल्या रस्त्याने जा. गेज आठवड्याला बघा, आणि एखादा थेंब राहिलाच तर राहू द्या. फक्त कुणाच्या दारात गाडी लावायची असेल तेव्हा पुठ्ठा आपला आपण न्या. शेजारी बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे, आपल्याला कागदाला काय तोटा? पण यजमानाकडे वर्तमानपत्र मागू नका. बहुधा ते त्यांचं वाचून झालेलं नसतं.